एक जून : आपल्या वाढदिवसांचा व सहलींचा इतिहास



वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलाबाळांनी गजबजलेले आपले सभागृह पाहिले म्हणजे आम्हांस नेहमी असे वाटते की, मुलांचे कौतुक करण्याची आपली रीतही तपासून पाहण्यासारखी आहे. वाढदिवस आणि सहल हे दोन शब्द आज प्रत्येक घरात नित्याचे झाले आहेत. परंतु या दोन्ही गोष्टी आज ज्या स्वरूपात दिसतात त्या स्वरूपात फार जुन्या नाहीत. त्या कोठून आल्या, त्यांत काय मिळाले व काय हरवले, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

आपल्याकडे वाढदिवस नव्हताच असा कित्येकांचा समज आहे, तो बरोबर नव्हे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ. स. १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधू'त वर्धापनाचा विधी सांगितला आहे. जन्मतिथीस तिळाचे उटणे लावून स्नान करावे, नवे वस्त्र ल्यावे, कुलदेवतेचे व मार्कंडेयाचे पूजन करावे, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य व परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करावे आणि तीळगूळ घातलेले दूध प्यावे, असा त्याचा सारांश आहे. घरोघरी याचे सुटसुटीत रूप चालत आले : पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी व सोन्याची अंगठी, आईने केलेले औक्षण आणि पानात वाटीभर शेवयांची खीर. बोलावणे नाही, भेटवस्तू नाही. थोरामोठ्यांच्या घरी मात्र थाट निराळा. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या बालपणीच्या वाढदिवसाचे वर्णन केले आहे. मोठ्या तराजूत त्यांना बसवून गव्हाच्या पोत्यांनी व इतर वस्तूंनी त्यांची तुला होत असे आणि ते धान्य गोरगरिबांस वाटले जाई. वाढदिवस वर्षातून एकदाच का येतो, अशी त्या बालकाची तक्रार होती! पुढे याच बालकाचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, सर्व देशाचा बालदिन झाला.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वाढदिवशी काय करू नये हेही आपल्या धर्मशास्त्राने सांगितले आहे : केस व नखे कापू नयेत, मांसाशन करू नये, कलह करू नये आणि प्रवास करू नये. म्हणजे आज मुलाच्या वाढदिवशी आपण सहकुटुंब मोटारीत बसून जे करतो, नेमके तेच एके काळी वर्ज्य होते. चोर, वाटमारी, नदीचे उतार आणि रोगराई यांनी भरलेल्या त्या काळी आयुष्याच्या सांध्यावर उभ्या असलेल्या जीवाने घराबाहेर पडू नये, असा हेतू असावा असे आम्हांस वाटते.

मग आपले पूर्वज हिंडत नसत काय? हिंडत, पण निमित्त देवाचे असे. ग्रामदैवताची जत्रा, कुलदैवताचे दर्शन, आषाढीची वारी, आणि कार्तिकात आवळीच्या झाडाखाली होणारे आवळीभोजन, ही आपली जुनी सहल. बैलगाडीत पेंढा पसरून त्यावर घोंगडी टाकावी, दशम्या, चटणी व दह्याची लोटी बरोबर घ्यावी आणि पहाटे निघावे. सुनांना सासरच्या उंबऱ्याबाहेर मोकळा श्वास मिळण्याचे हे मोठे साधन होते, हे विसरून चालणार नाही.

हे चित्र पालटले ते आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास १४ डब्यांची पहिली गाडी गेली. १८६२ साली भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली. १८७२ साली तिच्याच आवारात वस्तुसंग्रहालय सुरू झाले, त्यास पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. देवाधर्माचे निमित्त नसता, केवळ पाहण्यासाठी, मुलांचा हात धरून घराबाहेर पडण्याची सवय मुंबईकरांस लागली ती अशा स्थळांमुळे. १९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढू लागली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हे काम अंगावर घेतले आणि त्यांचे वडील सर आदमजी यांनी पैसा पुरविला. स्वातंत्र्यानंतर तर मुलांच्या आनंदाची सोय करणे हे जणू नगरांचे कर्तव्यच ठरले : १९५१ साली मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय, १९५२ साली मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान व त्यातील 'म्हातारीचा बूट', १९५३ साली पुण्याचे पेशवे उद्यान आणि १९५६ साली त्यात धावू लागलेली 'फुलराणी'. आमच्या पिढीतील पुणेकराने फुलराणीत बसल्याची आठवण सांगितली नाही, असे सहसा घडत नाही.

आता मथळ्यातील तारखेकडे वळू. १ जून १९३० रोजी मुंबई व पुणे यांच्या दरम्यान 'डेक्कन क्वीन' प्रथम धावली. आरंभी ती साहेबलोकांची व घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांची गाडी होती. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ साली. पुढे १ जून १९४८ रोजी एस्.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्यास आली. ज्या गावांना आगगाडीची शीळ कधी ऐकू आली नव्हती, त्यांना एस्.टी.ने सहल दिली. शाळेच्या सहली तर बहुधा तिच्याच बाकांवर बसून झाल्या. महाराष्ट्राच्या या दोन लाडक्या वाहनांचा वाढदिवस एकच आहे. डेक्कन क्वीनचा वाढदिवस तिचे नित्याचे प्रवासी पुणे स्थानकावर केक कापून साजरा करतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.

परंतु याच तारखेस महाराष्ट्रातील आणखी असंख्य माणसांचा वाढदिवस असतो आणि तो मात्र खरा नसतो. ही तारीख त्यांना शाळेने दिली आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आणि मुंबई सरकारने १९२३ व १९४७ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकली. शाळेत सर्व थरांतील मुले येऊ लागली. दाखलखारीज नोंदवहीत जन्मतारखेचा रकाना भरणे भाग होते. आई सांगे, 'पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला', 'दुसरी सुगी चालली होती तेव्हाची ही'. तिची गणना तिथीची व हंगामाची, वहीची गणना तारखेची. जन्माचा दाखला कोणाजवळ नसे. जूनमध्ये शाळा सुरू होई आणि मुलाची सहा वर्षे पुरी भरलेली असावी लागत. तेव्हा गुरुजी मुलाकडे एकवार पाहत आणि १ जून लिहीत. जन्मनोंदणीचा सक्तीचा कायदा १९६९ साली झाला, पण तो वाड्यावस्त्यांपर्यंत मुरण्यास आणखी पुष्कळ वर्षे गेली. आजही ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तांचे घोळकेच्या घोळके हार घालून बाहेर पडतात, त्याचे कारण हेच.

आम्हीही त्यांतलेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमचा जन्म झाला, असे मातोश्री सांगत. पंचांग पाहता तो दिवस २७ ऑगस्ट येतो. परंतु दाखल्यावर १ जून १९६१ असल्यामुळे सरकारदप्तरी आम्ही पुराच्या आधी जन्मलो आणि तीन महिने आधी निवृत्त झालो! याचे आम्हांस हसू येते.

हसू येत नाही ते पुढच्या गोष्टीचे. आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि तेच केले. १९८४ च्या जूनमध्ये दाखल झालेल्या आमच्या एका वर्गात सतरा मुलांचा जन्म एकाच दिवशी झाल्याची नोंद आमच्याच हस्ताक्षरात आहे. मागील पंचांगे मिळविणे अशक्य नव्हते. आयांना दोन प्रश्न अधिक विचारले असते, तर तिथीवरून तारीख काढता आली असती. परंतु रांग मोठी होती, आणि पोराच्या तारखेने काय अडते, असे आम्हांस वाटले. काही वर्षांपूर्वी त्यांतील एक विद्यार्थी आपल्या मुलीसह भेटावयास आला. मुलीला वडिलांचा वाढदिवस खऱ्या दिवशी करावयाचा होता. तो म्हणाला, "गुरुजी, आई गेली. तिने तुम्हाला काही सांगितले होते का?" सांगितले असलेच पाहिजे, कारण आम्ही विचारीत असू. परंतु आम्ही ते लिहिले नाही, आणि आता आठवत नाही. त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

असो. केक व मेणबत्त्यांची चाल परकी म्हणून तिच्यावर तुटून पडणारे लेख पुष्कळ येतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. वाढदिवसाचे जे गाणे आज खेड्यापाड्यांत ऐकू येते, त्याची चाल १८९३ साली अमेरिकेतील मिल्ड्रेड व पॅटी हिल या दोघी बहिणींनी बालवर्गातील मुलांच्या सकाळच्या नमस्कारासाठी प्रसिद्ध केली; पॅटी ही बालवाडीची शिक्षिका होती. शिक्षिकेच्या हातून निघालेली वस्तू परकी मानावयास आमचे मन घेत नाही. शिवाय एक उपकार मान्य केलाच पाहिजे. जुन्या घरांत औक्षण होई ते बहुधा मुलाचे. मुलीचा जन्मदिवस कित्येक घरांत आईच्या मनातच साजरा होई. केकबरोबर मुलीचाही वाढदिवस घरात आला, शेजारची पोरे जातपात न पाहता एका ताटाभोवती जमली, हे थोडे झाले नाही. मात्र दिवा विझविण्यापूर्वी एक निरांजन लावावे, आणि तराजूतील गव्हाची आठवण ठेवून त्या दिवशी कोणा गरजूच्या पदरात काही पडेल असे पाहावे, एवढे आमचे सांगणे आहे.

आणखी एक विनंती मंडळाच्या चालकांस आहे. आपल्या कुटुंबसूचीत नाव, शिक्षण, व्यवसाय व जन्मतारीख एवढेच रकाने आहेत. त्यांत 'वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे जन्मतिथी' असा एक रकाना वाढवावा. आणि सभासद कुटुंबांनी पुढच्या सहलीस निघताना घरातील आजीला किंवा आत्याबाईंना गाडीत मुलांशेजारी बसवावे. प्रवासात माणूस बोलते. कोण कोणत्या सणाला झाले, त्या साली पाऊस कसा होता, सुईण कोण होती, हे त्यांना विचारावे आणि मुलांकडून त्याच दिवशी लिहवून घ्यावे. सरकारी दाखला बदलण्याच्या खटपटीत पडण्याचे कारण नाही. तो कामापुरता आहे तसा राहू द्यावा. परंतु आपण कोणत्या दिवशी या जगात आलो, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावे. आम्ही एकदा लिहून घ्यावयाचे राहून गेलो. आपल्याकडून तसे न घडो.

सर्व बालगोपाळांस, ज्यांचा वाढदिवस १ जूनला असतो त्यांनाही, उदंड आयुष्य लाभो, ही चिरंजीवांच्या चरणी प्रार्थना.