फुटबॉलचा हंगाम

'यंदाचा फुटबॉलचा हंगाम सुरू झाला' हे वाक्य आपण वृत्तपत्रांत इतक्या सहजपणे वाचतो की, हा 'हंगाम' मूळचा मैदानावरचा नसून शेतातला, आणि शेतातही दप्तराच्या वाटेने आलेला, याचे स्मरण कोणास राहत नाही. फारसीत हंगाम म्हणजे समय. परंतु मराठी मुलखात फारसी दप्तराची वहिवाट दीर्घकाळ चालल्यामुळे तो शब्द जमाबंदीच्या कागदांतून रयतेच्या तोंडी बसला, आणि खरिपाचा हंगाम, सुगीचा हंगाम असा पिकांशी त्याचा जो घरोबा जडला, तो आजतागायत सुटलेला नाही. त्याचाच भाऊबंद 'हंगामा' मात्र गर्दी व गलबला यांचा वाचक ठरला. अटीतटीच्या सामन्यानंतर दोघांची गाठ मैदानावर पडते.

'हंगाम'चा प्रतिस्पर्धी 'मोसम' हा अरबी. तोच पोर्तुगीज खलाशांच्या जिभेवरून इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' हे नवे नाव धारण करून पुन्हा आपल्याच वृत्तपत्रांत परतला.

आता शब्दाकडून खेळाकडे. विलायतेत क्रिकेट उन्हाळ्याचे आणि फुटबॉल थंडीचे, अशी वाटणी पूर्वापार आहे. गोऱ्यांनी मुंबईत १८९१ साली फुटबॉलचा रोव्हर्स चषक मांडला, १९०२ साली हार्वुड लीग उभी राहिली; परंतु येथील कोरडे आठ महिने क्रिकेटने आपल्या नावावर चढवून घेतलेले, आणि उन्हाने तापलेल्या जमिनीवर पडणाऱ्याचे गुडघे शाबूत राहणे कठीण. सबब फुटबॉलच्या वाट्यास पावसाळा आला, आणि विलायती खेळ अनायासे खरिपाच्या पंचांगाला बांधला गेला. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने क्रिकेटलाही पावसात उतरवले, तेव्हा ही वाटणी मोडली. पण हे अतिक्रमण फुटबॉलवाल्यांनी कोर्टात नेले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

उपनगरांत हे पंचांग डोळ्यांसमोरच उलगडत असे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाली; तोवर रुळांच्या दोन्ही अंगांस भातखाचरे आणि मिठागरे होती. जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० पासून इस्माईल युसुफ महाविद्यालय, अंधेरीस १९४६ पासून भवन्स. अशा महाविद्यालयाचा संघ तर शब्दशः हंगामी: जूनच्या अखेरीस सत्र उघडताच फलकावर नावे लागावीत, गेल्या वर्षीचा सेंटर फॉरवर्ड पदवी घेऊन एखाद्या कचेरीत चिकटलेला असावा, त्याच्या जागी आंबोलीच्या वा मरोळच्या गावठाणातला कोणी ईस्ट इंडियन मुलगा यावा, श्रावणात संघ जुळावा, आणि भाताला लोंब्या धरतात त्या सुमारास, सहामाही परीक्षेच्या धाकाने, तो मोडावा.

त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेले कवच, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड वादीने आवळलेले. १९३७ पासून नियमाने त्याचे वजन, खेळ सुरू होताना, १४ ते १६ औंस ठरले. 'खेळ सुरू होताना' हे शब्द नियम करणाऱ्याने मोठ्या शहाणपणाने घातले आहेत. कारण मध्यंतरापर्यंत चामडे पाणी पिऊन असे जडावे की, हेड मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठावा.

पायांत बूट असतच असे नाही. घोट्याला पट्टी गुंडाळली की गडी तयार. कोरड्या जमिनीवर अनवाणी पावलास चेंडू जसा वश होई तसा बुटास होत नसे, हे खरे. परंतु चिखलात बुटाचे खिळेच जमीन धरत, आणि अनवाणी फुलबॅक वळू पाहता पाहता बसता होई. जो धडा पावसाने दरसाल शिकवावा, तो देशास गळी उतरण्यास परदेश पाहावा लागला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला बहुतांश अनवाणी संघ फ्रान्सकडून १-२ असा हरला, त्यातही दोन पेनल्टी दवडून. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, तेव्हा कोठे बुटांची सक्ती झाली. पुढे १९५६ साली मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

आता अनेक जण 'सीझन' म्हणतात. माझी त्यांस विनंती एवढीच की, निदान महाविद्यालयाच्या संघापुरता तरी 'हंगाम' हाच शब्द राहू द्यावा. जूनमध्ये पेरून दसऱ्याच्या आत उरकणाऱ्या त्या खेळास दुसरा कोणताही शब्द इतका मापात बसत नाही.