राजी कोण झालं?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला गेलात तर नंदी शोधा. तो देवळासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. कारण तिथे कुणीही सांगेल. संत नामदेव देवासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं.

नामदेव जातीने शिंपी. त्यांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याची कथा तिथेही येते, आणि जात काढून उठवल्याचंही.

मी ही कथा एका तंट्याचा निकाल म्हणून वाचतो. नामदेव मागे गेले तेव्हा भांडण मिटलंच होतं. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. पण तो निकाल लोकांना पटला नाही, म्हणून कथेत देवाला फिरावं लागलं.

मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. आधी दोन्ही बाजूंकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडणं. तेव्हा अर्थ होता, 'होईल तो निवाडा मानायला मी राजी आहे.' निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची खूण करी, सुतार किंकऱ्याची. पद्धत चांगलीच होती. पण ज्याचं बलुतं, पाणी आणि वाट गावाच्याच हातात, तो 'मी राजी नाही' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

१५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील. ग्रामसभेने समिती नेमायची, बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे वाद गावातच मिटवायचे आणि गावाने बक्षीस मिळवायचं. तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा करणाऱ्या शेतकऱ्याला हा मोठाच दिलासा. पण बक्षीस समोर असलं की गावाला घाई होते, आणि घाईत 'तूच जरा समजून घे' हे नेहमी कमजोरालाच सांगितलं जातं. सून, धाकटा भाऊ, वस्तीवरचा माणूस.

तडजोड वाईट नाही. फक्त समजुतीच्या कागदावर सही करण्याआधी बघा, मागे कोण सरकलं. दरवेळी तोच माणूस सरकत असेल, तर गाव शांत झालं असेल, तंटा मिटलेला नाही.