माळवद आणि पत्रा

लोहारा-उमरग्याकडचं जुनं घर म्हणजे माळवद. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. चैत्र-वैशाखातही आत गारवा. ऊन असो की लुटारू, जाडी हाच इथला निवारा होता.

हलका निवारा लोकांना माहीत नव्हता असं नाही. प्लेगच्या साथीत महाराष्ट्रात गावंच्या गावं ओस पडत आणि माणसं रानात झोपड्या घालून राहत. पण साथ ओसरली की सगळे पुन्हा दगडी भिंतींआड.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने हा विश्वास मोडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली होती. लातूरमधल्या किल्लारीबरोबर आपल्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावंही कोसळली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड बांधून ठेवणारे आरपार लांब धोंडे बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. भिंत उभी चिरली, दोन्ही बाजू सुटल्या आणि मातीचं ओझं निजलेल्यांवर आलं. दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसं गेली.

त्यानंतर आला पत्रा. त्याचं कूळ दूरचं. लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. पातळ लोखंडाला पन्हळी पाडल्या की ते वाकत नाही, फार आधार न मागता अंतर पेलतं. पुढे जस्ताचा मुलामा चढला आणि गंजही लांबला. कोसळला तरी जीव घेणार नाही, हा त्याचा गुण भूकंपग्रस्तांना सगळ्यात मोठा वाटला. दगडी घर शाबूत असूनही कित्येक कुटुंबं अंगणातल्या पत्र्याखाली झोपू लागली. उन्हाळ्यात तो भाजून काढी, तरीही.

अणुसंकटाचा विचार करताना मला ही दोन छपरं सोबत हवी वाटतात, कारण किरणोत्सर्ग भूकंपाच्या अगदी उलट मागणी करतो. अणुस्फोटानंतर छपरावर साचलेल्या धुळीतून निघणारे गॅमा किरण पत्रा अडवत नाही. त्यांना वजनच अडवतं. घट्ट मातीच्या दर साडेतीन-चार इंचांमागे मारा सुमारे निम्मा होतो. म्हणजे ज्या मातीने १९९३ मध्ये जीव घेतले, तिनेच इथे ते राखले असते. अशा धुळीचा जोर झपाट्याने उतरतो: सात पट वेळ गेला की मारा साधारण दहावा हिस्सा उरतो, म्हणून पहिले एक-दोन दिवस जड छताखाली काढणं सर्वांत मोलाचं. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत माळवदांवरची माती कमी करायला सांगितली गेली, आणि ते योग्यच होतं. तेव्हा आज शहरवासीयांसाठी जड छताची ही जागा तळघराची, किंवा सिमेंटच्या मोठ्या इमारतीतल्या, बाहेरच्या भिंती आणि गच्ची दोन्हींपासून दूरच्या मधल्या खोल्यांची.

अणुभट्टीतल्या अपघाताचं गणित वेगळं. तिथलं सीझियम-१३७ निम्मं व्हायला सुमारे तीस वर्षं घेतं, म्हणून माणसांना गाव सोडावं लागतं. २०११ मध्ये फुकुशिमातून दीड लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. त्यांच्यासाठी उभारलेली तात्पुरती घरं नियमाने दोन वर्षांची, पण अनेकांनी त्यांत कितीतरी अधिक काळ काढला. महाराष्ट्रात तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ते धाराशिवपासून बरंच लांब असल्याने तसं काही घडलंच तर आपल्या वाट्याला विस्थापितांचं यजमानपण येण्याचा संभव जास्त. मग पत्र्याची शेड पुन्हा उभी राहील, आणि तेव्हा ती महिन्याभराची समजून बांधू नये: छपराखाली हवा खेळायला पोकळी, वर उसाचं पाचट किंवा तुराट्या, दोन शेडमध्ये चुलीपुरती मोकळी जागा, आणि जागा निवडताना आधी पाणी. या दुष्काळी जिल्ह्यात सगळ्यात अवघड अट तीच आहे.