एकदिशी की सर्वदिशी? आकाशकांच्या निवडीचा इतिहास

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात एक प्रश्न आरंभापासून उभा आहे. आकाशकातून, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला अँटेना म्हणतो त्यातून, निघणारी लहर चोहोकडे पसरू द्यावी की एका दिशेला वळवावी? आज घरोघर बिनतारी जाळे विणणाऱ्या तंत्रज्ञापुढेही हाच प्रश्न असतो. वरवर तो यंत्राचा दिसतो. वस्तुतः आपल्याला कोणाशी बोलावयाचे आहे, हे तो विचारतो.

1888 मध्ये हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी जस्ताच्या वक्र पत्र्याने लहरी एका दिशेला वळवून दाखविल्या. 1896 मध्ये मार्कोनींनीही सॅलिसबरीच्या मैदानावर असे परावर्तक वापरले. पुढे अंतर वाढविण्याच्या ध्यासात दीर्घ लहरी आल्या. परावर्तक लहरीच्या लांबीच्या मानाने मोठा लागतो; एवढा आरसा उभारणार कोण? म्हणून चोहोकडे पसरणारे प्रक्षेपण रूढ झाले. त्याचे मोल 1912 साली टायटॅनिक बुडाली त्या रात्री जगाला कळले. मदत कोठून येईल हे ठाऊक नसलेल्या जहाजाची हाक चोहोकडे गेली, म्हणूनच ती ‘कार्पेथिया’ला ऐकू आली.

मात्र बोलणारा आणि ऐकणारा दोघेही निश्चित असतील, तर चोहोकडे उधळलेली शक्ती वाया जाते. आकाशक शक्ती निर्माण करीत नाही. आहे ती वाटून देतो, एवढेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात मार्कोनी आणि त्यांचे सहकारी सी. एस. फ्रँकलिन आखूड लहरींकडे वळले आणि आरसा पुन्हा आवाक्यात आला. त्यातून ‘बीम’ पद्धती जन्मली. 1927 साली तिने इंग्लंड आणि हिंदुस्थान जोडले. आपल्याकडे प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून होई, ग्रहण दौंडला. तिकडे ग्रिम्सबी आणि स्केग्नेस. या स्वस्त स्पर्धेने समुद्री तारांच्या कंपन्या हादरल्या आणि 1929 मध्ये तार व बिनतारी हे दोन्ही व्यवसाय एकत्र करावे लागले. परंतु हा झोत इंग्लंडकडे रोखलेला होता. अन्य देशाशी बोलावयाचे तर नवी उभारणी हवी.

आधुनिक जाळ्यात प्रत्येक घर शेजाऱ्याचा निरोप पुढे पोहोचविते. अमेरिकेतील केंब्रिज शहरात एम.आय.टी.च्या संशोधकांनी उभारलेल्या ‘रूफनेट’मध्ये 2005 च्या सुमारास 37 केंद्रे होती. छपरांवर सर्वदिशी आकाशक बसविले होते, कारण उद्या कोणते घर सामील होईल हे आधी सांगता येत नव्हते. त्याच दशकात आय.आय.टी. कानपूरच्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पाने दूरदूरची गावे जोडताना उंच मनोऱ्यांवर एकदिशी आकाशक वापरले. दोन्ही निवडी आपापल्या जागी योग्य होत्या.

सर्वदिशी आकाशकालाही मर्यादा आहे. त्याचा पल्ला वाढवू गेल्यास लहरींचा पसारा भाकरीसारखा चपटा होतो. मग टेकडीवरचे किंवा दरीतले घर त्याच्या कक्षेबाहेर राहते. उलट एकदिशी झोताचे टोक वाऱ्याने जरासे हलले, तरी संबंध तुटतो.

म्हणून दूरच्या, स्थिर ठिकाणांसाठी झोत वापरावा. वस्तीतल्या बदलत्या शेजारासाठी चोहोकडची हाक हवी. विद्यार्थिमित्रहो, झोताने पल्ला मिळतो, परंतु त्याच्या रेषेबाहेरचे घर मुके राहते. जाळे विणणाऱ्याने आधी त्या घराचा विचार करावा.