तळहातावरचा संगणक, दिवाणखान्यातला रिमोट

रावेत (प्रतिनिधी) : पवनेच्या काठावरील रावेतच्या नव्या वसाहतींत कोणत्याही दिवाणखान्यातल्या टीपॉयवर नजर टाकली, तर निदान तीन-चार रिमोट सापडतात. एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा, एक होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरचा आणि एक एसीचा. डीव्हीडी प्लेअरचा रिमोट बहुधा सोफ्याच्या फटीत असतो. घरातील कमावती मंडळी सकाळी हिंजवडीला किंवा चाकणला निघून गेली, की हा सगळा संच दिवसभर ज्येष्ठांच्या ताब्यात येतो. 'आवाज येतो, पण चित्र दिसत नाही' हा दुपारचा फोन अनेकांच्या परिचयाचा असेल.

या पसाऱ्यावर एक जुना उपाय आहे. कपाटात पडून असलेला हातसंगणक, म्हणजे पाम, पॉकेट पीसी किंवा तत्सम तळहातावर मावणारे यंत्र, सर्व उपकरणांचा एकच रिमोट म्हणून वापरणे. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींत हा प्रयोग लोकप्रिय होता. आज मोबाइलने हातसंगणकाची जागा घेतली असली, तरी त्यामागचे तंत्र तेच आहे आणि त्यातील अडचणीही त्याच आहेत.

तारेविना चालणारा रिमोट प्रथम १९५५ मध्ये अमेरिकेतील झेनिथ कंपनीने बाजारात आणला. यूजीन पॉली या अभियंत्याचा तो 'फ्लॅशमॅटिक' टीव्हीच्या कोपऱ्यांवर प्रकाशाचा झोत टाकून चालत असे. मात्र खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपोआप वाहिनी बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी श्रवणातीत ध्वनीवर चालणारा रिमोट तयार केला व ती पद्धत बरीच वर्षे टिकली. त्यानंतर अवरक्त किरणांचे युग आले. ते अद्याप संपलेले नाही.

रिमोटच्या टोकाशी असलेला छोटा दिवा साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. खोलीतील दिवे आणि ऊन यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. काही कंपन्या ३६, तर काही ४० हजारांचा वेग वापरतात. टीव्हीतील ग्राहक भाग तेवढ्याच वेगाची लुकलुक ओळखतो. बाकीचा प्रकाश तो सोडून देतो. या लुकलुकीचे लांब-आखूड तुकडे जोडून संदेश तयार होतो. एनईसी या प्रचलित पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा प्रकाश व साडेचार मिलिसेकंदांची शांतता असते. त्यामागून ३२ बिट येतात : उपकरणाचा पत्ता, त्याचे उलट रूप, मग आज्ञा आणि तिचेही उलट रूप. उलट रूप पडताळणीसाठी असते. सारा निरोप ६७.५ मिलिसेकंदांत पोहोचतो. फिलिप्सची आरसी-५ आणि सोनीची पद्धत याहून निराळी आहे. एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या टीव्हीवर चालत नाही, तो या भाषाभेदामुळे.

१९९८ च्या पाम-३ पासून पामच्या हातसंगणकांत अवरक्त किरणांचे दार आले. मात्र ते टीव्हीसाठी नव्हते. दोन यंत्रे समोरासमोर धरून पत्ते, टिपणे यांची देवाणघेवाण करावी, हा त्याचा हेतू. त्याचे मानक एक मीटर अंतराचे, तरंगलांबी ८५० ते ९०० नॅनोमीटरची आणि स्पंद अतिशय आखूड. थोडक्यात, शेजाऱ्याच्या कानात कुजबुजण्यासाठी दिलेला हा आवाज होता आणि त्याच्याकडून दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला हाक मारण्याची अपेक्षा केली गेली.

प्रोग्रामरांनी त्यातूनही वाट काढली. हे दार सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवू शकते. दर तीन बिटांमागे एक स्पंद जाईल अशी अक्षरे निवडली, की स्पंदांचा वेग ३८,४०० होतो आणि टीव्हीची फसगत होते. प्रस्तुत प्रतिनिधीला या सर्व प्रकरणातील सर्वांत रंजक भाग हाच वाटतो. परंतु स्पंद आखूड असल्याने प्रकाशाचे बळ कमी पडते आणि रिमोट टीव्हीच्या पुढ्यात नेऊन धरावा लागतो. उठून जायचेच, तर टीव्हीवरील बटण काय वाईट?

कंपन्यांनाही ही उणीव दिसली. सोनीच्या क्लिए मालिकेतील काही यंत्रांत रिमोटची स्वतंत्र सोय होती. २००२ च्या एचपी आयपॅक ३९०० मालिकेत टीव्हीला पुरेल असा अवरक्त दिवा आला व सोबत 'नेव्हो' हा रिमोटचा प्रोग्राम मिळू लागला. इतर यंत्रांसाठी ओम्निरिमोट, नोव्हीरिमोट असे प्रोग्राम विकत मिळत. पडद्यावर हवी ती बटणे मांडायची, मूळ रिमोट काही सेंटिमीटरवर समोरासमोर धरायचा आणि एकेक बटण 'शिकवायचे', अशी ही रीत. परदेशी प्रोग्राममधील तयार यादीत आपल्याकडील केबलचालकाचा सेट टॉप बॉक्स असेलच याचा भरवसा नसल्याने शिकवण्यावाचून गत्यंतर नसे. पुण्यासह देशातील ३८ शहरांत केबलच्या डिजिटलीकरणासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यानंतर ज्या घरांत नवा बॉक्स आला, तेथे शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

रिमोटला दिसत नाही

खरी मेख मात्र पुढे आहे. हातसंगणकाचे मोठे आकर्षण म्हणजे एका स्पर्शात अनेक आज्ञा. 'चित्रपट' असे बटण करावे. त्याने टीव्ही सुरू व्हावा, ॲम्प्लिफायर जागा व्हावा, टीव्हीने योग्य जोडणी निवडावी. पण अवरक्त रिमोट फक्त बोलतो, त्याला उत्तर ऐकू येत नाही. बहुतेक मूळ रिमोटवर 'चालू' आणि 'बंद' यांसाठी एकच बटण असते. टीव्ही आधीच सुरू असेल, तर तीच आज्ञा तो बंद करते. मग ॲम्प्लिफायर सुरू, टीव्ही बंद अशी स्थिती होते आणि पुन्हा बटण दाबल्यावर नेमकी उलटी!

आपल्या भागात याची प्रचीती देणारा वार म्हणजे गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली जाते, ती आली की काही उपकरणे आपोआप सुरू होतात, काही झोपलेलीच राहतात. सकाळी बिनचूक चालणारी आज्ञामालिका दुपारी घोटाळा करते. यावर उपाय म्हणजे 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' अशा स्वतंत्र आज्ञा शोधणे. पुष्कळ उपकरणांना त्या समजतात, जरी मूळ रिमोटवर त्यांचे बटण नसले तरी. अशा आज्ञा मिळाल्या नाहीत, तर वीज चालू-बंद करण्याचे काम आज्ञामालिकेतून वगळून वेगळ्या बटणावर ठेवावे. एसीचा रिमोट याबाबतीत शहाणा असतो. तो प्रत्येक वेळी तापमान, पंख्याचा वेग, सारी स्थिती एकत्रच पाठवतो.

दुसरा धोका स्मरणशक्तीचा. जुन्या पामची, तसेच २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पूर्वीच्या बहुतेक पॉकेट पीसींची स्मृती बॅटरीवर जगत असे. बॅटरी पूर्ण उतरली की शिकवलेले सारे पुसले जाई. आमच्या घरी अशाच एका यंत्रावर दोन रविवार खर्चून बटणे मांडली होती. वडिलांसाठी अक्षरे मोठी केली, वाहिन्यांची नावे मराठीत लिहून त्यांची चित्रे बटणांवर चढवली. मूळ रिमोट डब्यात घालून माळ्यावर गेले. आम्ही चार दिवस गावी जाऊन आलो, तोवर यंत्र कोरे झाले होते. त्या चार दिवसांत वडिलांनी टीव्ही पाहिला नाही आणि फोनवर तसे सांगितलेही नाही. परतल्यावर आधी माळ्यावरचा डबा खाली आला.

म्हणून कोणी आजही हा प्रयोग करू इच्छित असेल, तर मूळ रिमोट हाताशी असू द्यावेत आणि शिकवलेल्या बटणांची प्रत संगणकावर घेऊन ठेवावी. पाम-३ सारखी दोन साध्या ट्रिपल-ए सेलवर चालणारी यंत्रे येथे उजवी ठरतात. सेल चटकन बदलता येतात. मात्र बदलताना मिनिटभराच्या वर वेळ घेऊ नये. आत बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या एव्हाना बहुतांशी निकामी झाल्या असतील. फुगलेली बॅटरी दिसली, तर यंत्र चार्जिंगला लावूच नये. अवरक्त दिवा चालतो की नाही, हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहता येते. बटण दाबताच पडद्यावर जांभळट ठिपका चमकतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र हातसंगणक शोधत फिरू नये. शाओमीच्या अनेक मोबाइलमध्ये अवरक्त दिवा व रिमोटचा प्रोग्राम असतो. आयफोनमध्ये तो नाही. फायर टीव्ही स्टिकसारखी उपकरणे ब्लूटूथवर चालतात, त्यांच्यापुढे अवरक्त रिमोटचे काही चालत नाही. एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणे सीईसी सुविधेद्वारे एकमेकांशी बोलतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सुरू केली, तर अनेकदा टीव्हीच्याच रिमोटने ॲम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त होतो. प्रत्येक कंपनीने तिला निराळे नाव दिल्याने ती चटकन सापडत नाही, एवढेच.

आणि मोबाइललाच रिमोट करायचे ठरवले, तर तो मोबाइल कोणाचा, हे आधी ठरवावे. कमावत्या मुलाच्या खिशातून तो रोज सकाळी नऊला चाकणला जात असेल, तर घरी राहणाऱ्यांसाठी टीपॉयवरचे चारही रिमोट जागेवर हवेत.