उत्तर टोकाला वैमानिक हवा

नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्क नावाचा प्रदेश आहे. क्षेत्रफळानं तो अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठा, पण वस्ती जेमतेम पाऊण लाख. इस्पितळं दोन, एक हॅमरफेस्टला आणि दुसरं किर्केनेसला. मोठी शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाला ट्रॉम्सोच्या विद्यापीठ इस्पितळात न्यावं लागतं. किर्केनेसहून रस्त्यानं निघालं तर सारा दिवस प्रवासातच जातो. त्यात हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. अशा मुलखात रुग्णवाहिका म्हणजे विमानच. मग ते चालवायला माणूस कोणता घ्यायचा? प्रश्न नोकरभरतीचा दिसतो, पण त्याच्या इतिहासात एक समाज माणसाच्या अनुभवाची किंमत कशी करतो, हे मला दिसतं.

१९३४ साली नॉर्वेत विदेरो ही विमान कंपनी स्थापन झाली. तेव्हा गावोगावी धावपट्ट्या नव्हत्या. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं थेट फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात उतरत. कधी प्रवासी न्यायचे, तर कधी आजारी माणूस. वैमानिकाला किनारा पाठ असावा आणि छातीत धीर असावा, एवढीच मुख्य पात्रता. पुढं १९७०च्या दशकात फिनमार्कमधल्या लहान गावांना धावपट्ट्या मिळाल्या, पण त्या सुमारे ८०० मीटरच्या. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पाव भागाहूनही कमी! समोर समुद्र, बाजूला डोंगर आणि वारा आडवा. तिथं विमान उतरवणं हा हातचा खेळ नव्हे.

दुसरा टप्पा हेलिकॉप्टरचा. येन्स मू या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी आग्रह धरला, की रुग्णाला डॉक्टरकडे आणण्याआधी डॉक्टरच रुग्णाकडे गेला पाहिजे. जर्मनीत १९७० पासून अशी हेलिकॉप्टरं उडत होती. मू यांच्या पुढाकारानं १९७८ साली ओस्लोजवळून नॉर्वेतली सेवा सुरू झाली. वैमानिक, डॉक्टर आणि बचाव-सहायक असे तिघं जण त्यात असत. १९८८ साली शासनानं हवाई रुग्णसेवा देशभरासाठी आपल्या जबाबदारीत घेतली. हौशी धाडसाचं काम आता रीतसर नोकरी झालं.

नोकरी आली तशा अटीही आल्या. युरोपीय नियमावलीनं हेलिकॉप्टर रुग्णसेवेच्या मुख्य वैमानिकासाठी साधारण हजार तासांच्या अनुभवाचा दंडक घातला. शिवाय, जसा मुलूख तसाच ५०० तासांचा सरावही मागितला. वाळवंटावर उडालेला माणूस बर्फाळ फ्योर्डवर लगेच चालत नाही, हे त्यामागचं शहाणपण. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरी हवाई नियम तेच पाळतो. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या तरुणाला तिथं जायचं तर भारतीय परवाना नुसता दाखवून भागत नाही. डझनभराहून अधिक विषयांच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. वर भाषेचा प्रश्न आहेच. डॉक्टरशी, रुग्णाशी, मदत-केंद्राशी बोलायचं ते नॉर्वेजियनमध्ये, नाहीतर तिच्या स्वीडिश-डॅनिश बहिणींमध्ये. कवी म्हणून मला ही अट फार रास्त वाटते. घाबरलेला माणूस आपल्याच बोलीत बोलतो.

आणखी एक पात्रता आहे, ती कोणत्याही दाखल्यावर लिहिलेली नसते. हवामान बिघडलं तर ‘नाही’ म्हणण्याचा अंतिम अधिकार वैमानिकाचा असतो. पलीकडे कुणी मरणाच्या दारात असताना नकार द्यायला धाडसापेक्षा मोठं बळ लागतं.

हे सारं विसरलं की काय होतं, ते नॉर्वेनं २०१९ साली पाहिलं. रुग्ण नेणाऱ्या विमानांचं काम लुफ्टट्रान्सपोर्ट या कंपनीकडे होतं. २०१७ साली ठेका बॅबकॉक या कंपनीला मिळाला आणि १ जुलै २०१९ पासून काम तिनं हाती घेतलं. पण वैमानिक कामाबरोबर आपोआप नव्या कंपनीत गेले नाहीत. वर्षानुवर्षं ज्या खुर्चीत बसले, तिच्यासाठीच त्यांना नव्यानं अर्ज करावा लागला. जुन्या नोकरीच्या वर्षांचं, ज्येष्ठतेचं काय, हा वाद पेटला. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसानं विमान चालवू नये, हाही सुरक्षेचाच नियम, त्यामुळे वैमानिक कमी पडून विमानं जमिनीवर राहण्याचे प्रसंग आले. उत्तरेतले लोक धास्तावले, निदर्शनं झाली. सरकारला जादा विमानं-हेलिकॉप्टरांची राखीव सोय करावी लागली.

ठेक्याच्या कागदावर विमानांची संख्या, मिनिटं आणि रक्कम लिहिता येते. कोणत्या खिंडीत कोणत्या दिशेचा वारा विमानाला खाली ओढतो, हे मात्र माणसाच्या अंगात मुरलेलं असतं. तो माणूस दुखावून निघून गेला, की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. नवं विमान पैसे मोजून विकत घेता येतं. वीस वर्षांचा जाणता वैमानिक घडवायला मात्र वीस वर्षंच लागतात.