दुकान उघडं, दुकान बंद

डिसेंबर लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. नाताळ आता चर्चमधून उठून बाजारात जाऊन बसला, येशूपेक्षा सांताक्लॉजचंच चित्र मोठं झालं. हीच तक्रार मी ईदबद्दल ऐकतो, दिवाळीबद्दलही ऐकतो, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून स्वतःही करतो. म्हणून नाताळ आणि दुकान यांचं जुनं नातं जरा धुंडाळून पाहिलं. इंग्लंडच्या इतिहासात एक गंमत हाती लागली.

साल १६४७. राजाला हरवून पार्लमेंटचा पक्ष वरचढ झाला होता आणि त्यात प्युरिटन मंडळींचा जोर होता. अत्यंत धार्मिक माणसं ही. त्यांनी नाताळच रद्द केला! बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठं दिली आहे, असा त्यांचा सवाल होता. शिवाय सणाच्या नावावर चालणारं खाणंपिणं आणि दंगामस्ती त्यांना मुळीच खपत नव्हती. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरी शहरात महापौरांनी दुकानं उघडी ठेवायला सांगितली. थोड्या दुकानदारांनी ऐकलं. लोक असे खवळले, की उघडलेल्या दुकानांतला माल त्यांनी उधळून दिला आणि खुद्द महापौरांनाही आडवं पाडलं. म्हणजे पाहा, त्या काळी उघडं दुकान ही नाताळ नसल्याची खूण होती!

१६६० मध्ये राजेशाही परतली आणि सणही परतला. पण आज आपण ज्याला नाताळ म्हणतो, त्याचं रूप पुष्कळसं घडलं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. त्यातलं १८४३ हे एकच वर्ष घेऊ.

लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. १८४० मध्ये एका पेनीत कुठंही पत्र पाठवण्याची सोय झाली, त्या सुधारणेत त्यांचा हात होता. टपाल स्वस्त झालं तसा पत्रांचा ढीग वाढला. प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ कुठला? त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक शुभेच्छापत्र काढून घेतलं, हजारएक प्रती छापल्या आणि उरलेली एकेक शिलिंगला विकायला ठेवली. नाताळचं पहिलं छापील कार्ड ते हेच.

त्या कार्डावर काय आहे? मधोमध एक भरलेलं घर. लहानथोर सगळे मद्याचे पेले उंचावताहेत. (पोराच्या तोंडी दारू, म्हणून तेव्हा ओरडही झाली.) गव्हाण नाही, मरियम नाही, बाळ नाही. बाजूच्या दोन छोट्या चौकटींत मात्र भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र दिलं जातंय. मला त्या चौकटी मोलाच्या वाटतात. आमच्यात ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यावा लागतो. गरिबाच्या घरी चूल पेटल्याशिवाय आपला सण सुरूच होऊ नये, असा त्यामागचा विचार. हॉर्सलीनं तेच चित्र काढलं, फक्त कडेला.

त्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ बाजारात आलं. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स हलला होता. त्याला पैशांचीही निकड होती. एकाच पुस्तकामागं ही दोन्ही कारणं, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही. लेखकालाही घरभाडं असतंच. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती खपल्या. किंमत पाच शिलिंग. आता त्यातला गरीब कारकून आठवा, बॉब क्रॅचिट. आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. म्हणजे आपलीच गोष्ट विकत घ्यायला त्याला आठवड्याची तिसरा हिस्सा कमाई मोजावी लागली असती! त्याचा मालक स्क्रूज नाताळच्या सुट्टीवर कुरकुरतो, कारण काम न करता एका दिवसाचा पगार द्यावा लागतो. नाताळच्या पवित्रपणाचा प्रश्न डिकन्सनं असा थेट नोकराच्या सुट्टीपाशी आणून ठेवला.

लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवावं लागतं, कारण उतारशाळेत जागा नसते. कुराणातल्या ‘मरियम’ सूऱ्यात तर ती माउली लोकांपासून दूर, खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी एकटीच कळा सोसते. दोन्हीकडे जन्म घराबाहेरच आहे. बाजाराला मात्र भरलेलं घर हवं असतं. ज्याला घर नाही, त्याला तो विकणार तरी काय?

पुढं दुकानं वाढली, सजली. न्यूयॉर्कच्या मेसीजनं १८६७ मध्ये नाताळच्या आदल्या रात्री बारापर्यंत दार उघडं ठेवलं. त्या रात्री काउंटरमागं कोण उभं होतं, हे कार्डावर कुणी काढत नाही.

आणि आता गमतीचा दुसरा भाग. २००४ साली ब्रिटिश पार्लमेंटनं पुन्हा नाताळच्या दुकानांसाठी कायदा केला, पण उलटा! इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान २५ डिसेंबरला उघडायला बंदी. ही मागणी लावून धरणाऱ्यांत दुकानांत काम करणाऱ्यांची संघटना होती. वर्षातून एक दिवस तरी मुलाबाळांत बसू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

छोट्या दुकानांना या कायद्यातून सूट आहे. त्यांतली कितीतरी आपल्याकडून तिकडं गेलेल्या गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी कुटुंबांची. ऐन नाताळच्या सकाळी घरातलं दूध संपलं, की इंग्रज शेजारी कोपऱ्यावरच्या त्या दुकानाकडंच वळतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)